कात्री कोणावर चालली?

जानेवारी २०२५. बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावातलं कटिंगचं दुकान. खुर्चीत एक जण, बाकावर आम्ही चौघं. बाजूच्या पोराने फोन पुढे केला. शेगाव तालुक्यातल्या एका गावाची पाटी, तिच्यावर कोण्या नटाचं टक्कल चिकटवलेलं, मागे हिंदी गाणं आणि वर लाल अक्षरांत ‘टक्कल व्हायरस’. दुकान हसलं. बाकाच्या टोकाला डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस बसला होता. पोराने त्यालाच विचारलं, “काहो काका, तुमच्याच तिकडचं हाये ना हे?”

“हो,” तो म्हणाला. “माह्या पोरीचे गेले. बारावीत हाये.”

पुढे कोणी बोललं नाही. कात्रीचा तेवढा आवाज येत राहिला. पोराने फोन खिशात घातला. पण तोवर त्याचा तो व्हिडिओ तीन ग्रुपवर टाकून झाला होता.

मला आज त्या फोनमधल्या कात्रीवर लिहायचं आहे. मुंडकं इथलं, धड तिथलं, गाणं तिसरीकडचं, आणि सगळं एकावर एक चिकटवून द्यायचं. ही कला फोनवाल्यांनी शोधलेली नाही. शंभरावर वर्षांपूर्वी काही संतापलेल्या माणसांनी ती हाती घेतली, आणि ज्या कामासाठी घेतली ते काम आपण विसरलो आहोत. माझं भांडण एवढंच आहे.

५ फेब्रुवारी १९१६. स्वित्झर्लंडमधलं झुरिच. ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज या दोघांनी तिथल्या एका अरुंद गल्लीत ‘कॅबरे व्होल्तेअर’ नावाचा अड्डा सुरू केला. सोळा दिवसांनी फ्रान्समध्ये वर्दूंची लढाई सुरू झाली. ती दहा महिने चालली आणि दोन्हीकडची मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं मेली. शेजारचे देश एकमेकांची पोरं कापत होते. सकाळच्या पेपरात सेनापतींची भाषणं छापून येत होती: देश, धर्म, संस्कृती, इभ्रत. मोठाले शब्द, स्वच्छ व्याकरण, सुंदर छपाई. या अड्ड्यावरच्या मंडळींनी विचारलं, की एवढ्या शहाण्या भाषेतून एवढी प्रेतं पडत असतील तर आम्ही ती भाषा बोलायची कशाला? त्याच साली बाल पुठ्ठ्याच्या नळकांड्यात शिरून मंचावर उभा राहिला. त्या पोशाखात चालता येईना, म्हणून त्याला उचलून आणावं लागलं. तिथे त्याने अर्थ नसलेल्या आवाजांची कविता म्हटली. लोकांना तो वेडगळपणा वाटला. मला विचाराल तर त्या वर्षी युरोपात बोललेल्या शब्दांपैकी सर्वांत प्रामाणिक ते होते. त्यांनी कोणाला खंदकात पाठवलं नाही.

या चळवळीचं नाव ‘दादा’. फ्रेंच पोरं लाकडी घोड्याला दादा म्हणतात. आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, नाहीतर चौकातला गुंड. त्या मंडळींनी थोरलेपण कधी मागितलं नाही. मात्र चौकातल्या गुंडाला अंगावर घ्यायची त्यांची तयारी होती.

ट्रिस्टान त्झारा हा त्यांच्यातला एक. त्याने कविता करायची कृती सांगितली. पेपरातला लेख कात्रीने शब्दाशब्दांत कापायचा, तुकडे पिशवीत भरायचे, पिशवी हलवायची आणि एकेक तुकडा हाताला येईल तसा उतरवून घ्यायचा. आता तुमचा फोन उघडा. शेगावच्या पालखीचं दर्शन, त्याखाली सोयाबीनचा भाव, त्याखाली कुठल्याशा मंत्र्याचा वाढदिवस, मग अपघात, मग कुर्तीची जाहिरात, मग नाचणारं मांजर. त्झाराची पिशवी ती हीच. फरक ती कोण आणि कशासाठी हलवतो यात आहे. पेपर कापला तरी युद्धाचा अर्थ लागत नाही, हे दाखवायला त्झारा पिशवी हलवत होता. आज कंपनी पिशवी हलवते ती तुमचा अंगठा थांबू नये म्हणून. मांजर आणि अपघात यांत फरक करायला तिथे कोणी बसलेलं नाही, कारण दोन्हीवर अंगठा सारखाच सरकतो.

बर्लिनच्या हाना होखचं काम बघा. बायकांच्या मासिकांसाठी विणकाम-भरतकामाचे नमुने काढून देणाऱ्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत ती नोकरी करायची. अशाच मासिकांतले फोटो कापून तिने १९१९-२० च्या सुमारास भलंमोठं चित्र केलं. त्याच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. आपल्याकडे तिने विळी म्हटलं असतं. चित्रात कैसर आहे, सेनापती आहेत, दाढीमिशावाले पुढारी आहेत, आणि त्यांच्यामध्ये नर्तकी, यंत्रांची चाकं, बॉल बेअरिंग. ज्यांचे फोटो घरोघरी आदराने लावले जात होते त्यांची मुंडकी तिने कापली. आजारी बाईचा फोटो कापून तिने कोणाला हसवलं नाही.

जॉन हार्टफिल्ड तर याहून पुढचा. मूळ नाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजांविरुद्ध विष पेरलं जात होतं, म्हणून या जर्मन माणसाने मुद्दाम इंग्रजी नाव घेतलं. १९३२ मध्ये त्याने हिटलरच्या छातीचा क्ष-किरण काढल्यासारखं चित्र केलं. गळ्यापासून पोटापर्यंत सोन्याच्या नाण्यांची रास. हा माणूस सोनं गिळतो आणि बाहेर पत्रा ओकतो, असं त्याचं म्हणणं. वर्षभरात हिटलर सत्तेवर आला, आणि हार्टफिल्ड घरी आलेल्या नाझींच्या हातून निसटून प्रागला पोचला. तिथूनही त्याने कात्री चालूच ठेवली. आज एका पोराने दुसऱ्याच्या धडावर मुंडकं चिकटवलं की आपण त्याला मीम म्हणतो. त्या मीमचा आजा हा असा जीव मुठीत घेऊन पळाला होता.

मराठीत हे वारं आलं, पण इथली माती वेगळी होती. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर यांनी मित्रांसोबत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं, सायक्लोस्टाइल करून. पुढच्या दशकात ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ अशा नावांची अनियतकालिकं आली. नावं वाचूनच प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडत. अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये मराठी वाङ्मयावर लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यात शब्द घातला ‘क्ष-किरण’. हार्टफिल्डने हिटलरवर टाकला, शहाण्यांनी प्रतिष्ठित साहित्यावर. राजा ढाले यांनी ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकावर हल्ला चढवला, त्याचा अंक जाळला, आणि तेच ढाले १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासोबत दलित पँथरच्या उभारणीत होते. झुरिचची माणसं युद्धातून पळून आलेली होती. आपल्याकडच्यांना पळायला जागा नव्हती. गावकूस, झोपडपट्टी, जात सगळं इथेच होतं. म्हणून आपल्या अनियतकालिकांना कोणी दादाची मराठी आवृत्ती म्हटलं तर मला ते पटत नाही. हत्यार सारखं दिसलं, तरी जखम आपली होती.

आणि यातलीच माणसं पुढे माध्यमांत गेली. कोलटकर जाहिरातीत होते, तिथले मोठे पुरस्कार त्यांनी पुन्हा पुन्हा घेतले. र. कृ. जोशी अक्षरांनाच चित्र करणाऱ्या कविता लिहीत. तेही जाहिरात संस्थेत होते, पुढे त्यांनी संगणकासाठी देवनागरी घडवली. विंडोजवर येणारा ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. मेहकरच्या, मोताळ्याच्या सेतू केंद्रात पोरगी अर्ज टाइप करते तेव्हा अनेकदा तिच्यासमोर जोशींचीच अक्षरं असतात. अक्षरांची मोडतोड करणाऱ्या कवीने गरिबाच्या अर्जाला अक्षर दिलं. अक्षर मोडताना ते कोणासाठी पुन्हा जोडायचं, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या वऱ्हाडाला मात्र हे शिकायला झुरिचला जायची गरज नव्हती. पोळ्याच्या झडत्या ऐकल्या आहेत ना? बैल सजवून आखरावर आणलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, वर आंब्याच्या पानांचं तोरण. एक जण पुढे होतो आणि झडती म्हणतो. कशाचा कशाला मेळ नसतो. देवापासून सुरू करतो, मध्येच वांग्याच्या भाजीवर येतो, तिथून सावकारावर, तिथून कापसाच्या भावावर, आणि शेवटी सगळा गाव एका आवाजात ‘हर हर महादेव’ म्हणतो. ऐकणाऱ्या पाहुण्याला वाटतं हे काय चाललंय. गावाला नेमकं कळतं कोणाला टोला बसला. पाटील समोर उभा असतो, सोसायटीचा अध्यक्ष असतो, पुढारी असतो, आणि त्यांच्या तोंडावर म्हटलं जातं. त्या दिवशी कोणी राग धरायचा नसतो. यमक जुळवायला अर्थ मोडला तरी चालतो. पण झडतीत मी आंधळ्याची, विधवेची, आजाऱ्याची टिंगल ऐकलेली नाही. झडतीचा बाण वर जातो. खाली पडलेल्यावर तो सोडला तर गावच गप्प बसवतं.

हा दंडक फोनवर, टीव्हीवर कुठे गेला?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळचं बघा. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मध्ये ढेकळांवर मातीची घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, करंजी. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला धान्य किती हललं, घागरीचं काय झालं, हे बघून वाघ घराण्यातले महाराज पावसापाण्याचं भाकीत सांगतात. या भाकितावर माझा विश्वास नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर घेतलेले आक्षेप मला रास्त वाटतात. पण पेरणीआधीच्या काळजीने पहाटे तिथे येऊन उभा राहणारा शेतकरी मला हास्यास्पद वाटत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं आणि हातात बियाण्याची पिशवी. दर वर्षी चीड येते ती टीव्हीच्या पडद्याची. एका चौकटीत हवामान खात्याचा अंदाज, दुसऱ्या चौकटीत पापड-कुरडई, खाली पळती पट्टी ‘राजाची गादी राहणार का?’ दोन गोष्टी एकाच वजनाने शेजारी चिकटवल्या, की बघणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही सारख्याच खऱ्या आणि सारख्याच खोट्या होतात. होखच्या चित्रात दोन तुकडे शेजारी आले की खोटं उघडं पडायचं. इथे खरं झाकलं जातं. ज्याला जूनमध्ये पेरायचं आहे त्याचं यात नुकसान होतं, आणि पट्टीवाल्याचा त्या दिवसाचा कार्यक्रम भरून निघतो.

आता पुन्हा शेगाव तालुक्याकडे येऊ. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासची गावं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून लोकांचे केस जाऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग हात लावला की केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे होते, पोरं होती, कॉलेजच्या मुली होत्या. आरोग्य खात्याने पाण्याचे नमुने घेतले, आयसीएमआरची पथकं आली. विषाणूचा पत्ता नव्हता, पण ‘टक्कल व्हायरस’ हे बारसं तोवर उरकलं होतं. नाव पडलं तिथेच निम्मं काम बिघडलं. व्हायरस म्हटलं की शिवायची भीती आली. सोयरिकी थांबल्या, शाळा-कॉलेजात जाणं अवघड झालं, अशा बातम्या आल्या. विनोद करणाऱ्याला नाव तयार मिळालं, कारण ते मथळा लिहिणाऱ्यानेच दिलं होतं.

मग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अभ्यास केला. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखला जाणारा हा महाडचा डॉक्टर मूळचा शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा. त्यांनी मांडलेले आकडे असे: १८ गावांत २७९ माणसं. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. झिंक कमी. त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर, जो पंजाब-हरियाणाकडून आला होता. त्यातलं सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचं त्यांनी सांगितलं.

हे नीट वाचा. गव्हाच्या पोत्याने शेकडो मैल प्रवास केला, गोदामात उतरलं, रेशन दुकानात मापलं गेलं, जात्यावरून तव्यावर आलं आणि ताटात पडलं. त्यात काय आहे हे वाटेत कोणी तपासलं का? या एका प्रश्नात खरेदी करणाऱ्या यंत्रणेपासून वाटप करणाऱ्या खात्यापर्यंत अनेक खुर्च्या अडकतात. होखच्या सुरीला, हार्टफिल्डच्या कात्रीला याहून चांगला विषय कोणता मिळाला असता? पोत्याच्या शिलाईतून डोकावणारी सही. तराजूच्या एका पारड्यात गहू आणि दुसऱ्यात केस. असं एखादं चित्र कोणी केलं असतं तर मी ते छापून घराच्या दारावर लावलं असतं. माझ्या फोनवर आलेल्या मीममध्ये मला पोतं एकदाही दिसलं नाही. दिसली ती डोकी.

याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजाराने माणसं जातात, याच्या बातम्या इथले वार्ताहर वर्षानुवर्षं देत आले आहेत. आतल्या पानावर, एका कॉलमात. राज्यभरातले कॅमेरे त्यासाठी कधी धावले नाहीत. किडनी पोटात असते, फोटोत येत नाही. टक्कल फोटोत येतं. आजच्या माध्यमांना दुखणं दिसावं लागतं, आणि दिसणारं दुखणं जरा विचित्र असलं तर आणखी बरं. लोणार सरोवराचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हाही हेच घडलं. पाणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं, आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून सांगितलं. पण रंग आधी पळाला, कारण मागून चालत आलं. विचित्र ते आधी, कारण मागून, आणि माणूस सर्वांत शेवटी. बुलडाणा जिल्हा बाहेरच्यांच्या लक्षात राहतो तो या उतरंडीने.

विचित्र गोष्ट हत्यार म्हणूनही वापरता येते. मुताऱ्यांत बसवतात ते चिनीमातीचं भांडं १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ या दादाच्याच वाटेवरच्या कलावंताने न्यूयॉर्कच्या कलाप्रदर्शनात पाठवलं. सहा डॉलर भरले की कोणाचंही काम लावू, असा तिथला नियम. तरी भांडं लावलं नाही. नियमवाल्यांचं जे ढोंग त्याला उघडं पाडायचं होतं ते तिथेच पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कातच भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेलं एक केळं लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. आपले तेव्हाचे ५२ कोटी रुपये. मलकापूर सोडून पुढे मुक्ताईनगर-रावेरकडे निघालं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. वादळात आडव्या झालेल्या बागेत उभं राहून पंचनाम्याची वाट बघणारा शेतकरी मी पाहिलेला आहे. त्याच्यापुढे या केळ्याचं कौतुक मी करू शकत नाही. द्युशाँने बाजाराची खोड काढली होती. बाजाराने ती खोडच विकायला ठेवली. मीमचंही तेच झालं आहे. सत्ताधाऱ्याची टर उडवायला निघालेलं हत्यार आता पक्षांच्या कचेऱ्यांत पगारावर चालतं, आणि निवडणूक आली की दिवसाला कितीतरी मुंडकी कापून चिकटवून देतं.

म्हणून मीम वाईट, असं मी म्हणत नाही. उलट मला ते हवं आहे. बुलडाण्याच्या, चिखलीच्या, देऊळगाव राजाच्या पोरांकडे आज जी कात्री आहे ती हाना होखकडे नव्हती. हार्टफिल्डला एक मुखपृष्ठ करायला फोटोग्राफर लागायचा, छापखाना लागायचा, पैसा लागायचा. तुम्हाला पाच मिनिटं आणि बसस्टँडवरचं नेटवर्क पुरतं. पीकविम्याच्या हप्त्यावर करा. खारपाणपट्ट्यातल्या कोरड्या नळावर करा. रेशनच्या पोत्यावर करा. बिनमेळाचं करा, अर्थ मोडून करा, आजोबांना कळणार नाही असं करा. आजोबांच्या झडत्या तरी पाहुण्यांना कुठे कळत होत्या?

आणि या पोळ्याला, तोरणाखाली बैल उभे राहिले की तुमच्या गावच्या झडतीत रेशनचा गहू येऊ द्या. समोर तहसीलदार असतील तर त्यांच्यासमोर म्हणा, आमदार असतील तर त्यांच्यासमोर. कोणी चित्रण केलं तर ते जरूर पुढे पाठवा.

ते टक्कल मात्र तुमच्या ग्रुपवर पुन्हा आलं, तर पाठवणाऱ्याला एवढंच लिहा: शेगाव तालुका आणि आसपास, १८ गावं, २७९ माणसं, कॉलेजच्या मुलींसकट. चित्रातून काय कापायचं ते कापा, एवढा तुकडा कापू नका.